कुठे टोचतंय?

गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणत, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे. दात बनवणारीला दुसरं काय म्हणणार? तिच्या हातून निघालेले दात गावभर हिंडत होते. कुणी त्यांनी कणीस सोलत होतं, कुणी सुनेला टाकून बोलत होतं, कुणी नातवंडाच्या गालाचा मुका घेत होतं. बसमध्ये समोरच्या म्हाताऱ्याने जांभई दिली की ती मान वाकडी करून आत डोकावायची. आपलेच! डावा सुळा किंचित तिरका आहे ना, तो तिनेच मुद्दाम तिरका बसवलेला. सगळे दात एका सुतात उभे केले की तोंडाला कुंपण घातल्यासारखं दिसतं. माणसाच्या तोंडात जरासं वाकडं हवंच, तरच ते खरं वाटतं.

दातांच्या लॅबमध्ये खिडकीपाशी तिचं टेबल होतं. दवाखान्यांतून तोंडाचे साचे यायचे. ती त्यांत प्लास्टर ओतायची, प्लास्टरच्या हिरडीवर गुलाबी मेणाचा बांध घालायची आणि त्या मेणात एकेक दात रोवायची. कुंडीत रोप लावावं तसा, मुळाशी अंगठ्याने दाबून. टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, कोरण्या, आणि कानामागे कायम एक जांभळी पेन्सिल.

ही जांभळी पेन्सिल म्हणजे लॅबचा धर्म. नवी कवळी कितीही निगुतीने केली तरी कुठेतरी टोचतेच. मग दवाखान्यात काय करायचं, तर हिरडीवर जिथे दुखतं तिथे जांभळा ठिपका द्यायचा, कवळी घालायची, काढायची. ठिपका कवळीवर उतरतो. तेवढीच जागा घासली की कवळी गुणी लेकरासारखी गप्प बसते. पण एखादा डॉक्टर नुसतंच ‘पेशंट समाधानी नाही’ असं सांगून कवळी परत धाडायचा, आणि मग लॅबचे मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, फोनवर कडाडायचे.

“अहो डॉक्टर, समाधानी नाही म्हणजे काय? समाधान घासायचं मशीन नाही माझ्याकडे! कुठे टोचतंय ते विचारा, ठिपका करा, मग पाठवा!”

एरवी साहेब रागावत नसत. ते हसत. धंदाच पडला दातांचा, त्यामुळे त्यांच्या तोंडाचं दुकान सदा उघडं. वाईट बातमी ऐकतानाही शटर अर्ध्यावरच यायचं.

तर अशा या बाईच्या मूत्रपिंडांनी एके दिवशी संप पुकारला. दोघांनी मिळून, आगाऊ न कळवता. डॉक्टरांनी वाटाघाटी केल्या, गोळ्यांचं आमिष दाखवलं, पण कुणी बधलं नाही. तेव्हापासून ती दिवसाआड सकाळी डायलिसिसला जायची. खुर्चीत आडवं व्हायचं, डाव्या हातात दोन जाड सुया, आणि शेजारचं मशीन तिचं रक्त चाळून चाळून परत देणार. गिरणीत दळण टाकून बसावं तशी ती बसून राहायची. फरक इतकाच की इथे दळणही तीच आणि पिशवीही तीच.

सुयांसाठी तिच्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून दिल्या होत्या. तिथे कान लावला की आतून घुं घुं ऐकू यायचं. तिच्या लेकीने, जिला घरात चिमणी म्हणत, त्याचं नाव ‘आईचा भुंगा’ ठेवलं होतं. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि आधी भुंग्याला कान लावायची. “आहे गं, आहे,” म्हणायची, आणि मगच बूट काढायची.

आणि पाणी! पाण्याचं काय सांगावं. दिवसभराचं सगळं पाणी एका छोट्या बाटलीत बसवायचं. त्यातच चहा, त्यातच गोळ्या गिळायचे घोट. उन्हाळ्यात तिला नळाची तोटी नवऱ्यापेक्षा देखणी दिसायची. बर्फाचा एक खडा तोंडात धरून ती डोळे मिटायची आणि तळ्यात उतरल्यासारखी बसायची.

डायलिसिस उरकून दुपारी लॅब, संध्याकाळी घर. मधल्या दिवशी सकाळपासून लॅब, संध्याकाळी घरच. कुणी विचारायचं, “कशी आहेस?” ती म्हणायची, “बरी आहे.”

‘बरी आहे’ ही तिने स्वतःसाठी घडवलेली कवळी होती. समोर कुणी दिसलं की पटकन घालायची, गेलं की काढून ठेवायची. बसलीही होती झकास. कुणाला कधी शंका आली नाही.

शेजारच्या काकू संत्र्यांची पिशवी घेऊन यायच्या. संत्री तिला वर्ज्य होती, हे तिने काकूंना कितीदा सांगितलं असेल देव जाणे. काकू सोफ्यावर टेकायच्या, तिच्याकडे पाहायच्या आणि पदराला डोळे लावायच्या.

“काय होतीस गं तू, आणि काय झालीस! माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही बघ तुझ्या काळजीने.”

“अहो काकू, असं काय करता. मी बरी आहे.”

“तू कसली बरी! तू काही मनावर घेऊ नकोस हं. आमच्या भावजयीच्या बहिणीला हेच झालं होतं.”

“मग?”

“जाऊ दे. आता गेलेल्या माणसाचं काय काढायचं.”

मग ती उठायची, काकूंना पाणी द्यायची, आणि काकू तो ग्लास घटाघटा रिकामा करत असताना त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघायची. चहा टाकायची. पाठीवरून हात फिरवायची. काकू हलक्या होऊन जायच्या, आणि जाताना दारातून म्हणायच्या, “काळजी घे!” जणू सोफ्यावर सांडून ठेवली होती ती आता हिने गोळा करायची.

नवरा चांगला होता. तो गाडी शिकवण्याच्या शाळेत शिकवायचा, आणि आयुष्यभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याच्या उजव्या पायाला ब्रेक मारायची खोड जडली होती. घरात चालतानाही तो पाय मध्येच दाबायचा. बायको आजारी पडल्यापासून त्याने तिलाही शेजारच्या सीटवरून चालवायला घेतलं होतं.

“हळू. हळू उठ. आधी बघ मागे. हं, आता वळ.”

“अहो, मी स्वयंपाकघरात चाललेय.”

“तेच म्हणतोय. घाई कशाला? आणि चिमणे, आईशी वाद घालायचा नाही. आईला त्रास होतो.”

चिमणी ऐकायची. पोर इतकी शहाणी झाली होती की बघवत नसे. पूर्वी वेणीवरून, गणितावरून, मोज्यावरून मायलेकींची रोज जुंपायची. आता चिमणी म्हणायची, “बरं आई.” हेही ‘बरं’च.

उरल्या सासूबाई. सासूबाईंच्या जिभेवर ओव्यांचं घरटं होतं. गॅस संपला तरी दोन ओळी, दूध उतू गेलं तरी दोन ओळी. त्यांचे स्वतःचे दात एकेक करून निघून गेले तेव्हा सुनेने त्यांना कवळी करून दिली. डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं, हातांना गोळे यायचे, बोटं मध्येच आखडायची. तरी तिने सासूबाईंसाठी दुधी छटेचे दात निवडले, एक पुढचा दात किंचित मागे घेतला, आणि त्यांच्या लग्नाच्या फोटोतलं हसू समोर ठेवून ओठांची ठेवण साधली.

“कशी बसलीय, आई?”

“छान बसलीय गं! जशी जन्मापासूनच होती.”

ती सुखावली. हात अजून शाबूत आहेत, एवढंच तिला कळायला हवं होतं.

आणि मग लॅबमध्ये ‘हसतमुख सप्ताह’ आला.

साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते आणि तिथे त्यांना कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा झटका आला होता. पहिल्या दिवशी भिंतीवर आरसे लागले, येता-जाता हसून पाहण्यासाठी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून मोठ्याने हसायचा व्यायाम झाला. पॉलिशच्या मशीनवरचे पॉलिशकाका, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते हा-हा-हा असं म्हणाले, जसं पाढे म्हणतात तसं. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला एकेक बाटली मिळाली. केवढी! तिच्यात मूल आंघोळ करू शकेल अशी. बाटलीवर आडव्या रेघा, आणि रेघांपाशी छापलेलं: ‘छान!’, ‘आणखी!’, ‘शाब्बास!’ तळाशी: ‘तू जिंकलास!’

“घोट घोट आरोग्य!” साहेब म्हणाले. “रोज पूर्ण बाटली संपवायची. आणि या स्पर्धेचं उद्घाटन कोण करणार माहितीय? आपली ताई!”

टाळ्या झाल्या. तिच्या हातात बाटली दिली गेली. फोटो काढला गेला. फोटोवाला म्हणाला, “बाटली तोंडाला लावा, ताई. जरा हसून.” तहानेने जीभ टाळूला चिकटलेली, समोर काठोकाठ भरलेलं गार पाणी, बाटलीवर दव धरलेलं. तिने बाटली ओठांना लावली, घोट घेतला नाही, आणि हसली. फोटो फार सुंदर आला.

पॉलिशकाका जवळ येऊन कुजबुजले, “तुला तर पाणी बंद आहे ना गं?”

“फोटोपुरतंच हो, काका.”

“साहेबांना सांगायचं की.”

“कशाला उगाच? ते हौसेने करतायत.”

“हौसेने!” काका म्हणाले आणि मशीनकडे वळले. “मलाही त्यांनी हौसेने हसवलं. जबडा दुखतोय कालपासून.”

चौथ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. शटर पूर्ण उघडं होतं.

“ताई, तुझ्यासाठी आनंदाची बातमी. शनिवारी समारोपाला जाहीर करणार आहे, पण तुला आधी सांगतो. तू आता टेबलावर बसायचं नाहीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, दगदग बंद! मेण नाही, धूळ नाही. पुढच्या काउंटरवर बसायचं. डॉक्टर मंडळी येतात, त्यांच्याशी गोड बोलायचं. तुझ्यासारखी एवढं सोसून हसणारी बाई समोर दिसली की माणसाला कशी उमेद येते! तू आमची प्रेरणा आहेस. पगार तोच. नुसतं बसायचं आणि हसायचं.”

खिडकीपाशचं टेबल डोळ्यांसमोर आलं. दिव्याची निळी ज्योत, मऊ होणारं मेण, अंगठ्याखाली जागेवर बसणारा दात. दिवसभरात तेवढाच वेळ तिला आपण आजारी असल्याचं आठवत नसे. मशीनपाशी ती पेशंट, काकूंपाशी ती बिचारी, नवऱ्यापाशी ती शिकाऊ चालक. टेबलापाशी ती फक्त कवळीवाली.

“कसं वाटतंय?” साहेबांनी विचारलं.

तोंडात कवळी होतीच. “बरं वाटतंय,” ती म्हणाली.

शुक्रवारी डायलिसिसला गेली तर मशीनचा काहीतरी बिघाड झालेला. सिस्टर म्हणाली, “दुपारी या, तोवर सुरू होईल.” ती परत फिरली. जिना चढून दमून दाराशी टेकली. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा सूर येत होता. शब्द मात्र कसेसेच, वारा निघालेल्या फुग्यासारखे.

“फुनेनं गं घडवले, तोंडी मोती माझ्या बाई,
एक मोती टोचे आत, त्याचा बोभाटा गं नाही…”

ती आत गेली. सासूबाई टेबलाशी बसून टोस्ट चहात बुडवत होत्या. चांगला लगदा होईपर्यंत बुडवत होत्या. गाल आत गेलेले. शेजारी बटणांचा डबा उघडा, आणि डब्यात शर्टाच्या बटणांवर, कोटाच्या बटणांवर, ऐटीत हसत पडलेली दुधी छटेची कवळी.

“फूनबाई! तू? एवढ्यात?”

सासूबाईंचा हात डब्याकडे धावला. ती आधी पोचली. कवळी तिने हातात घेतली, उजेडात धरली.

“कधीपासून काढून ठेवताय?”

“आत्ताच. जरा फाफ करायला.”

“आई.”

सासूबाईंनी चहात बोट फिरवलं. “घातल्यापाफून,” त्या म्हणाल्या. “तू घरी अफलीफ की घालते. जिन्यात तुझी चाहूल लागली की घालते. आज तू चप्पल वाजवली नाहीफ!”

“आणि मला म्हणायचात जन्मापासूनच होती जशी!”

“तू इतक्या हौफेनं केलीफ. त्यात तुझं हे दुखणं. म्हटलं, तिच्या मागे आधीच काय थोडं आहे.”

तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोघं एकाच दारातून निघायला बघत होती. त्यातून राग बाहेर आला.

“अहो, पण टोचत होतं तर सांगायचं ना! चुटकीसरशी घासून दिलं असतं! इतके दिवस लगदा खाताय? न सांगता मला कळणार कसं? मी काय तुमच्या तोंडात शिरून बघू?”

सासूबाईंनी मान वर केली. दात नसलेला चेहरा, पण नजर अशी की चावलीच.

“आणि तू फांगतेफ?”

ती हातातली कवळी उलटीसुलटी करत राहिली.

“रोज विचारते, कशी आहेफ. तू म्हणतेफ बरी आहे. मी काय फमजायचं त्यातून? लगदा एकटी मीच खाते का या घरात?” त्यांनी कवळी तिच्या हातातून घेतली, बशीत ठेवली आणि तिला ओढून खुर्चीवर बसवलं. “मी दाखवते माझं कुठे टोचतं. आधी तू दाखव. हं. कुठे टोचतंय?”

हा प्रश्न तिने आणि लॅबने इतक्या तोंडांना विचारला होता. तिला स्वतःला तो आजवर कुणी विचारला नव्हता. सगळे विचारायचे, कशी आहेस. आणि त्या प्रश्नाच्या मापाचं उत्तर एकच होतं.

“जिभेला,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की तिलाच ओळखू येईना. “पाण्यावाचून टोचते. तुम्ही म्हणता ना, एका घोटाने काय होतंय, घे की, तेव्हा जास्त.”

“बरं. नाही म्हणणार. आणखी?”

“काकू येऊन रडतात ते. मलाच डोळे पुसावे लागतात.”

“ती फटवी आता येऊ दे, मी बघते. आणखी?”

“हे ब्रेक मारतात ते.”

“त्याचा पायच बांधते. आणखी?”

“पोटऱ्यांत गोळे येतात. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उभं राहवत नाही, तरी मी वेळेवर पोचते आणि मग दुपारपर्यंत हात थरथरतात. तुमची कवळी तशाच सकाळी केली होती मी. म्हणून चुकली.” ती थांबली. “आणि चिमणी भांडत नाही माझ्याशी. ते फार टोचतं, आई. मी अजून आहे ना इथे? मग भांडत का नाही?”

सासूबाईंनी खाली बसून तिचे पाय मांडीवर घेतले आणि पोटऱ्या रगडायला लागल्या, कणिक तिंबावी तशा.

“आणि उद्या टेबल जाणार,” ती म्हणाली, आणि मग रडली. खरंखुरं, नाक ओढत, बेढब.

“घेऊ देतेफ कशी?” सासूबाई खालूनच म्हणाल्या. “फाहेबाला फांगितलंफ, कुठे टोचतंय?”

मग तिने कानामागची पेन्सिल काढली आणि सासूबाईंच्या हिरडीवर, खाली डावीकडे, जांभळा ठिपका दिला.

शनिवारी लॅबच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. समोर पडद्याएवढा फ्लेक्स. त्यावर ती, पुरुषभर उंच, ओठांना बाटली, चेहऱ्यावर हसू. खाली लाल अक्षरांत: ‘दुखणं कितीही मोठं असो, हसू त्याहून मोठं!’ दोनचार डॉक्टर आले होते. साहेबांनी भाषण केलं. त्यात धैर्य आलं, ध्यास आला, सूर्यफूल आलं. शेवटी त्यांनी काउंटरची घोषणा केली, टाळ्या घेतल्या आणि माइक तिच्या हातात दिला.

“बोल ताई. दोन शब्द. कसं वाटतंय?”

‘बरं’ हा शब्द जिभेच्या टोकावर आलाच होता. अगदी गुळगुळीत, पॉलिश केलेला. तिने तो गिळला. एक घोट तेवढा चालणार होता.

“साहेब,” ती म्हणाली, “दवाखान्यातून कवळी परत आली आणि डॉक्टर नुसतंच म्हणाले की पेशंट समाधानी नाही, तर तुम्ही काय म्हणता?”

साहेब हसले. हा आवडीचा विषय. डॉक्टर मंडळींकडे तिरकं बघत ते म्हणाले, “म्हणतो, समाधान घासायचं मशीन नाही माझ्याकडे! कुठे टोचतंय ते विचारा, ठिपका करा!”

“हो ना,” ती म्हणाली, आणि कानामागची पेन्सिल काढून फ्लेक्सकडे गेली.

पहिला ठिपका तिने बाटलीवर दिला. “इथे टोचतं. मला पाणी बंद आहे, साहेब. या फोटोत मी प्यायले नाही. बाटली संपवली तर जिंकणार नाही, दवाखान्यात भरती होईन.”

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांनी भेट मिळालेली बाटली हळूच खुर्चीखाली सरकवली.

दुसरा ठिपका पोटरीवर. “इथे. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मला जरा उशिरा येऊ द्या, संध्याकाळी उशिरा जाईन. त्या सकाळी केलेली कामं बिघडतात. माझ्या सासूबाईंचीच बिघडली.” तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेली कवळी काढून दाखवली. “आज घासणार आहे.”

तिसरा ठिपका द्यायला ती चवड्यांवर उभी राहिली. फ्लेक्सवरच्या त्या भल्यामोठ्या हसण्याच्या मधोमध, पुढच्या दातावर, तिने पेन्सिल टेकवली. “आणि इथे. काउंटरवर बसून हसायला मला जमणार नाही. हे घातलं की सगळ्यात जास्त टोचतं. मला माझं टेबल हवंय.”

साहेबांचं शटर हळूहळू खाली आलं. आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण खाली आलं, आणि आत एक साधा, गोंधळलेला, मध्यमवयीन माणूस बसलेला दिसला.

“अगं, पण हे आधी सांगायचं! रोज विचारत होतो की, कशी आहेस म्हणून!”

“साहेब, कवळी टोचणाऱ्या पेशंटला आपण ‘कसे आहात’ विचारतो का?”

साहेबांनी डोकं खाजवलं. फ्लेक्सकडे पाहिलं, ठिपक्यांकडे पाहिलं. “छापून झालंय गं सगळं,” ते कळवळून म्हणाले.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पॉलिशकाका उठून पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला.

“ती पेन्सिल दे जरा इकडे.”

“तुम्हाला कशाला, काका?”

“तो आरसा आहे ना माझ्या मशीनसमोर,” काका म्हणाले, “त्यावर ठिपका द्यायचाय.”

आणि मग हॉलमध्ये जे हसणं झालं, ते व्यायामाचं नव्हतं.

साहेब म्हणजे साहेबच. सोमवारी फ्लेक्स उतरला आणि त्या जागी नवा लागला: ‘टोचलं तर सांगा!’ त्यावर साहेबांचाच फोटो. आठवडाभर लॅबमध्ये दुसरं काम झालं नाही. कुणाला खुर्ची टोचत होती, कुणाला शेजारी, एकाला तर बायकोचा भाऊ. साहेब प्रत्येकाला म्हणायचे, “ठिपका कर, ठिपका कर,” आणि पळून जायचे. पण खिडकीपाशचं टेबल जागच्या जागी राहिलं. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ती उशिरा येऊ लागली. तिच्या बाटलीत प्लास्टर कालवायचं पाणी भरलं जाऊ लागलं, आणि ते रोज ‘तू जिंकलास’पर्यंत संपत होतं. मूत्रपिंडांचा संप काही मिटला नाही. तो मिटणारा नव्हताच.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी सगळे पांगल्यावर ती टेबलाशी बसली आणि तिने सासूबाईंच्या कवळीवर उतरलेला जांभळा ठिपका घासला. अगदी थोडं घासावं लागलं. केवढं दुखणं होतं आणि केवढीशी जागा! अंगठ्याने चाचपलं, पुन्हा चाचपलं, कवळी पाण्याखाली धुतली आणि रुमालात गुंडाळून घरी आणली.

सासूबाईंनी कवळी घातली. जबडा उजवीकडे फिरवला, डावीकडे फिरवला. सगळं घर श्वास धरून बघत होतं. नवऱ्याचा पाय ब्रेकवर. मग त्यांनी डब्यातून टोस्ट काढला. चहा समोरच होता, पण त्याच्याकडे ढुंकूनही न बघता तो कोरडा टोस्ट तोंडात घातला.

कुर्रम.

असा आवाज त्या घरात बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

“आई, खरं सांगा हं,” ती म्हणाली. “टोचतंय?”

“वरती उजवीकडे. किंचित,” सासूबाई म्हणाल्या, एकही ‘स’ न चुकवता. “सोमवारी बघ सावकाश.”

तेवढ्यात चिमणी आतून तरातरा आली. हातात एकच मोजा.

“आई! माझा दुसरा मोजा तू परत धुवायला टाकलास? मी सांगितलं होतं तुला!”

नवऱ्याने तोंड उघडलं. “चिमणे, आईला—”

सासूबाईंनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. चांगला दाबून.

“टाकला,” ती म्हणाली, आणि कंबरेवर हात ठेवून लेकीसमोर उभी राहिली. “वास मारत होता. गल्लीभर मारत होता. काय करशील?”

चिमणीने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा बाबाकडे. आजीने टोस्टचा दुसरा तुकडा मोडला आणि मान हलवली.

“तू ना,” चिमणी म्हणाली, आणि तिचा आवाज पूर्वीसारखा छपराला जाऊन भिडला, “तू नेहमी अशीच करतेस!”